उंचीचं तिकीट

आमच्या घरात संशयाची वाटणी झालेली होती. माणसांवर संशय घ्यायचं काम आप्पांकडं, नजर लागण्यावर आणि अवेळी दारात येणाऱ्यांवर संशय घ्यायचं काम आईकडं, आणि या दोघांवर संशय घ्यायचं काम माझ्याकडं. धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याच्याकडं अजून कुठलंच खातं नव्हतं.

पाटोद्याच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोत्याचं तोंड उघडून वरचं धान्य कधी पाहत नसत. वरचं दाखवायलाच ठेवलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतले चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि मगच भावाचं बोलायचं. माणसांसाठी अशी नळी बाजारात मिळत नाही याचं त्यांना खरोखर वाईट वाटत असावं. मी त्यांचीच मुलगी. आजही डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेली पदवी मी जवळ जाऊन वाचते.

गावात केबल नुकतीच आली होती. एस.टी. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचं फोनचं बूथ झालं होतं आणि आमच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. अशातच एकदा बीडहून माल घेऊन येताना आप्पा मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहाला थांबले आणि ढाब्यावर कुणीतरी त्यांच्या हातात एक रंगीत कागद दिला. कागद चकचकीत होता, म्हणजे पुडी बांधायला निकामी. तो गल्ल्याखाली पडून राहिला आणि मला सापडला. मुंबईच्या बाजूला म्हणे पाण्याची एक मोठी बाग निघाली होती. तिकीट काढायचं आणि दिवसभर खेळायचं. कागदावर पाळणे होते, बोटी होत्या, कारंजी होती. मला त्यातलं काही नको होतं. मला पाहिजे होती ती तीन वळणांची निळी घसरगुंडी. तिच्या टोकावर पिवळी टोपी घातलेली, माझ्याच वयाची एक मुलगी दोन्ही हात वर करून बसली होती.

मी तो कागद उशीखाली ठेवून झोपायला लागले. आप्पांना विचारलं की म्हणत, "बघू." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक होता. पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर समोरच्या भांड्यांच्या दुकानदारानं सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्यानं घरच्यांची तिकिटं काढलीत. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर आप्पा हात धुताना म्हणाले, "आपुन बी जाऊ." मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की असं अचानक कसं?

तिकिटं काढायला आप्पांनी मला बरोबर नेलं. लेकरासमोर खोटं बोलताना माणूस अडखळतो, अशी त्यांची समजूत होती, म्हणून मोठ्या सौद्याला ते मला शेजारी बसवत. तिकिटं विकणाऱ्याचं ऑफिस मांजरसुंब्याला त्या ढाब्यावरच होतं. ऑफिस म्हणजे कोपऱ्यातलं एक घडीचं टेबल, त्यावर एक पत्र्याची पेटी आणि मागं खिळ्याला अडकवलेला बागेचा फोटो. ट्रकवाले जेवत होते आणि त्यांच्यातून वाट काढत आम्ही मुंबईची तिकिटं घ्यायला चाललो होतो. आप्पा माझ्या कानात म्हणाले, "ज्याला बसायला सवताची जागा न्हाई, त्यो आपल्याला कुठं नेऊन बसवनार हाय?"

एजंट तरुण होता. आप्पांच्या कपाळावरचं भस्म पाहून तो ताडकन उठला आणि हात जोडून म्हणाला, "शरणार्थ, आप्पा." आम्हा लिंगायतांत भेटल्यावर असंच म्हणतात. त्याच्याही कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. आप्पा पुढं वाकले आणि त्याचं कपाळ जवळून पाहू लागले. मग त्यांनी चौकशी सुरू केली. गाव कुठलं, मठ कोणता, बहीण कुठं दिली, तिच्या सासऱ्याचं दुकान कशाचं. त्यानं सगळी उत्तरं न अडखळता दिली. नंतर आप्पा मला म्हणाले, "कपाळ बघितलंस का? एवढ्या घामात भस्म सकाळसारखं ताजं. आन् एक बी उत्तर चुकलं न्हाई. खरा मानूस कुटं तरी चुकतोच."

तिकिटं जाड, गुळगुळीत होती. आप्पांनी एक उन्हात धरलं, कोपऱ्याला थुंकी लावून अंगठ्यानं घासलं, वास घेतला. शाई सुटली नाही. त्यावर त्यांचा चेहरा आणखीच पडला.

मग एजंटनं विचारलं, "लेकराची उंची किती?"

"वय ईचार की," आप्पा म्हणाले. "चार सरून पाचवं."

मी तिसरी पास झाले होते. पण एस.टी.त मी बरीच वर्षं चार वर्षांचीच होते. त्या चार वर्षांच्या मुलीला वीसपर्यंत पाढे येत, फक्त ते कंडक्टरसमोर म्हणायचे नाहीत असं बजावलेलं होतं. एजंटनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हसला.

"तितं वय चालत न्हाई, आप्पा. गेटवर आडवी पट्टी हाय. तिच्या खालून गेलं तर लहान तिकीट, डोकं लागलं तर मोठं. घरात बारकं आसलं तर ते फुकटच."

"कावून? तिकिटाचा आन् उंचीचा काय संबंद?"

"कंपनीचा नियम हाय."

आप्पा विचारात पडले. वय तोंडात असतं, पाहिजे तसं सांगता येतं. उंची सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते. पण शेवटी म्हणाले, "लहान दे."

आता माझा कागद मला पाठ होता. घसरगुंडीच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, की इथं फक्त मोठ्या उंचीच्या मुलांना सोडलं जाईल. मी एजंटला विचारलं, "लहान तिकिटावर ह्या घसरगुंडीवर जाता येतंय का?"

"येतंय की, बाळ. समदं येतंय." तो तिकिटांना रबर लावत होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही, आणि मी ओळखलं.

परत येताना मी आप्पांना ती ओळ दाखवली. ते म्हणाले, "तितं गेल्यावर बघू."

घरी आईनं उंचीचं ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. वाढतं लेकरू मोजायचं नाही, हा तिचा माहेराहून आलेला नेम. माझे कपडे शिवायला टाकताना टेलरला टेप लावू दिली जात नसे. जुना झगा नमुना म्हणून द्यायचा आणि त्यापेक्षा चार बोटं जास्त शीव म्हणायचं. भिंतीला उभं करून खुणा करणाऱ्या बायकांकडं ती भयंकर नजरेनं पाही. आमच्यात गेलेल्या माणसाला पुरतात. खड्डा खणायच्या आधी तेवढं माप घेतात, आणि माणसाचं माप त्याच वेळी घ्यायचं असतं, असं ती म्हणायची. जित्या लेकराचं घेतलं तर त्याची वाढ तिथंच थांबते.

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "नगं ती बाग."

पण तिकिटं परत घेतली जात नव्हती, आणि समोरचा भांडेवाला जाणार होता. आप्पांनी तिला समजावलं. पट्टीखालून जाणं म्हणजे माप नव्हे, दारातून आपण जातोच की. डोकं पट्टीला लागलं तर माप झालं. लागलंच नाही तर कसलं माप? म्हणजे पोरीनं गुडघे जरा वाकवून गेलं की झालं. आईला ते पटलं. आप्पांचं तिकीट वाचत होतं आणि आईचं लेकरू. माझी घसरगुंडी मात्र दोघांच्याही हिशेबात नव्हती.

पुढचे दिवस माझी तालीम झाली. दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या रांगांमधून, गुडघे वाकवून चालायचं. मान मात्र ताठ. मान वाकली की माणूस चोर दिसतो, आप्पा सांगत. गुडघे झाकावेत म्हणून आईनं मला नवा घोळदार परकर शिवला. मी चालायचे आणि मनात म्हणायचे, मी अशी गेले तर लहान ठरणार, आणि लहान ठरले तर ती पिवळ्या टोपीवाली मुलगी मला वरून हसणार. एकदा मी मुद्दाम ताठ चालले. आप्पा म्हणाले, "आशी गेलीस तर गेटवरनंच माघारी यावं लागंल." मग पुन्हा वाकले.

तिकिटाबरोबर ठरलेली एजंटची बस येणारच नाही याची आप्पांना खात्री होती. ती वेळेवर आली. ड्रायव्हर प्यायलेला असणार असं वाटलं होतं, तर तो माळकरी निघाला. प्रवासभर आप्पा पैशाच्या पिशवीवर बसून होते आणि आई भावाला पदराखाली घेऊन. भांडेवाल्याचं कुटुंब आमच्या पुढच्या सीटवर होतं. त्यांच्या दोन्ही मुलांनी पिवळ्या टोप्या घालून ठेवल्या होत्या. मी त्या टोप्यांकडं पाहत मुंबईपर्यंत गेले.

गेटवर तिकिटं खरी निघाली. एजंट खरा, शाई खरी, बाग खरी. आप्पांच्या तोंडावर मला स्पष्ट निराशा दिसली. पट्टीजवळ एक माणूस हातावर शिक्के मारत उभा होता. माझी पाळी आली. परकराच्या आत मी गुडघे वाकवले, मान ताठ ठेवली आणि पट्टीखालून गेले. डोक्याला काही लागलं नाही. त्या माणसानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही आणि मनगटावर निळा शिक्का उमटवला. मोठ्यांचा शिक्का लाल होता. मागं आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

आत पाण्यात परकर चालत नव्हता. आईनं मला आखूड झगा घातला. भावाला घोट्याएवढ्या पाण्यात सोडलं. आप्पा काठावर उभे राहून या पाण्याचा रंग इतका निळा कसा, यात काय टाकलंय, असं एका अनोळखी माणसाला विचारत होते. मी आप्पांचं बोट धरून त्यांना ओढत घसरगुंडीकडं नेलं. ती चित्रातल्यापेक्षा उंच होती. पायथ्याशी रांग होती, आणि रांगेत आमच्या पुढंच भांडेवाला, त्याची बायको आणि त्या दोन पिवळ्या टोप्या. जिन्याशी लोखंडी खांब होता, त्यावर तांबडी रेघ, आणि शेजारी शिट्टी गळ्यात घातलेला एक रखवालदार.

त्यानं माझं मनगट धरलं. "निळा आहे. ही लहानांतली." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "पण ही तर मोठी दिसते. गेटवर कशी सुटली? कोण आहे हिच्याबरोबर?"

भांडेवाल्यानं वळून पाहिलं. आप्पा म्हणाले, "लहानच हाय ती. तुमच्याच मानसानं शिक्का मारलाय."

"खांबाला उभी राहा, बाळ."

मी खांबाशी गेले. ती तांबडी रेघ मला दिसत होती आणि ताठ उभी राहिले तर मी तिच्या वर जाईन हेही कळत होतं. मग घसरगुंडी मिळाली असती. पण मग आप्पा खोटे ठरले असते, सगळ्या रांगेसमोर, भांडेवाल्यासमोर. मी आप्पांकडं पाहिलं. ते माझ्याकडं एकटक बघत होते. मी गुडघे वाकवले.

आता परकर नव्हता. माझे दोन उघडे गुडघे पुढं आलेले सगळ्यांना दिसत होते. एक पिवळी टोपी हसली. रखवालदार म्हणाला, "अगं, सरळ उभी राहा." मी आणखी वाकले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं तरी मी वाकत गेले, आणि मान मात्र ताठ ठेवली होती. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. त्या क्षणी घसरगुंडीही नको होती, नुसतं घरी जायचं होतं.

"बघा," आप्पा म्हणाले. "रेघंच्या खालीच हाय."

आई कधी आली ते मला कळलं नाही. तिनं कडेवरचा भाऊ आप्पांच्या हातात दिला. माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरळ हो."

मी आप्पांकडं पाहिलं.

"त्यांच्याकडं बघू नगं. सरळ हो."

मी हळूहळू गुडघे सरळ केले. आईनं माझे केस तळहातानं चापून बसवले, मला खांबाला टेकवलं आणि रखवालदाराला म्हणाली, "घ्या माप. नीट घ्या. मोठी हाय ती." तिनं माझा खांदा घट्ट दाबून धरला होता. रखवालदाराला त्यात काय एवढं ते कळलं नसणार. दिवसभर तो पोरांची डोकीच मोजत होता. त्यानं माझ्या डोक्यावर आडवा पंजा ठेवला, खांबाकडं नेला, आणि म्हणाला, "मोठ्यांत बसते. मोठं तिकीट काढून आणा, मग सोडतो." आईनं डोळे मिटून घेतले होते.

भावाला कडेवर घेऊन आप्पा गेटाकडं गेले आणि बऱ्याच वेळानं तिकीट घेऊन आले. माझ्या मनगटावर निळ्याच्या शेजारी लाल शिक्का बसला. मी जिना चढले, वर बसले, हात वर केले. खाली आल्यावर मला वाटलं, चित्रात ती जास्त लांब होती. तरी मी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले, आणि पुन्हा, आणि दर वेळी खाली आई काठावर उभी दिसायची. ती घसरगुंडीकडं पाहत नव्हती. फक्त माझ्याकडं पाहत होती, एखाद्या आजारी माणसाकडं पाहावं तसं.

घरी आल्यावर तिनं मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. नंतर कितीतरी दिवस, संध्याकाळी, कुणी नसताना, टाकत राहिली. माझ्या झग्यांच्या कडा ती बघायची. मोजता तर येत नव्हतं, त्यामुळं वाढ होतेय की नाही हे तिला झग्यावरूनच ताडावं लागे. त्यानंतर एस.टी.त आप्पा माझं खरं वय सांगू लागले, आणि कंडक्टर ते खोटं समजून माझ्याकडं संशयानं पाहायचे.

मी फार उंच झाले नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसत राहिले आणि मागच्या मुली माझ्या डोक्यावरून फळा वाचत राहिल्या. मला बघायला आलेल्यांपैकी एका घरानं मुलगी ठेंगणी आहे म्हणून नकार कळवला, तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं, तिला पाहुण्यांचा राग आलाय. लग्न पुढं रीतसर झालं, संसार झाला, मुलगी झाली.

मुलीला ज्या दवाखान्यात नेत असू, तिथं भिंतीवर उंचीचा तक्ता होता. आई आमच्याकडं राहायला आली होती, आमच्याबरोबर दवाखान्यात आली. नर्सनं मुलीला तक्त्याशी उभं करताच आई उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. पायरीवर बसून ती म्हणाली, "तुजी उंची म्या थांबिवली."

मी हसले. तिची आई, तिच्या दोघी बहिणी, ती स्वतः, सगळ्या माझ्याएवढ्याच आहेत हे मी तिला बोटांवर मोजून सांगितलं. डॉक्टरांनाही विचार म्हटलं.

"डॉक्टराला काय म्हाईत?" ती म्हणाली. "आमाला कुनी मोजलं न्हवतं. आमची उंची आमची व्हती. तुला मातर म्या हातानं खांबाला लावलं."

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती, आणि मी, सगळ्यांवर संशय घेणारी, मला याचा कधी वासही आला नव्हता. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मी विचारलं, "एवढी भीती व्हती तर मग मापाला हो म्हनलीसच कावून? घसरगुंडी तर मी तवा सोडून दिलती. मी घरी यायला तयार व्हते."

तिनं माझा हात धरून मला पायरीवर शेजारी बसवलं.

"तू वाकलतीस," ती म्हणाली. "चार मानसांत. मला बगवलं न्हाई."